वार पडेपर्यंत बोलायचं नाही

६ जानेवारी १९९७

माया कशी करावी याचं प्रशिक्षण द्यायचं आहे. मी!

जिल्ह्याहून परिपत्रक आलंय. 'सौजन्य पंधरवडा.' परिचारिका, दाया, आया, झाडूवाल्या, सगळ्यांना रुग्णांशी सहानुभूतीनं वागायला शिकवावं. हसतमुख राहावं. गोड बोलावं. शिकवणार कोण, तर सगळ्यात जुनी म्हणून मी. डॉक्टरसाहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. हसू आवरत होते, दुसरं काय.

मी वॉर्डात पोचायच्या आत बातमी पोचलेली. द्वारकाबाई (आमची आया, या दवाखान्यात माझ्याइतकीच मुरलेली) फडकं पिळत म्हणते, "मोठ्या बाई, आता तुम्ही हसणार म्हनं? आदी सांगा बरं का. पेशंट घाबरंल."

दोन नळ आहेत, त्यातल्या एकाला पाणी नाही. अंकुशनगरच्या कारखान्याचा हंगाम जोरात. ऊसतोडीच्या बाया ट्रॅक्टरवर, बैलगाडीत येतात, काही तर वाटेतच मोकळ्या होऊन. आणि गोड बोला म्हणे. आधी पाणी द्या!

९ जानेवारी

दोन बाळंतपणं. पहिलीला मुलगी, दुसरीला मुलगा.

दुसरीचं मूल हातात येतंय तोच द्वारकाबाई ओरडली, "आला गं, पाटील आला!" आणि पळाली बाहेर नातलगांकडं, तोंड गोड करून घ्यायला. नाळेमागून येणारी वार अजून आतच! चांगलं झापलं तिला. नियम माझा आहे आणि त्या खोलीत सगळ्यांना पाठ आहे. वार पडेपर्यंत मूल काय आहे ते बोलायचं नाही. एक शब्द नाही.

वर तोंड करून म्हणते, "पोराचं सांगितल्यानं कोन मरतं, बाई?"

उद्धट. पण कामाला वाघीण.

नियम उगाच केलेला नाही. बदनापूरकडं नोकरीला होते, नवीच होते. एका वस्तीवर बाळंतपण. सुइणीनं मूल बाहेर येतायेताच बाईला सांगितलं, "तिसरीबी पोरगीच गं बाई." बाईनं भिंतीकडं तोंड केलं. मग रक्त सुरू झालं. गर्भाची पिशवी आवळेच ना. मी मूठ दाबून धरलेली, हाताखाली नुसता मऊ गोळा. बाई गेली. त्या शब्दाचा आणि रक्ताचा संबंध नाही असं डॉक्टर लोक म्हणतात. म्हणोत. तेव्हापासून माझ्या हाताखाली गप्प राहायचं. आधी वार, मग रक्त थांबलं का ते बघायचं, मग काय ते बोलायचं.

११ जानेवारी

पहिला तास झाला. लसीकरणाच्या खोलीत चटया टाकल्या. परिपत्रकातले मुद्दे वाचून दाखवले. चापट मारू नये, या मुद्द्यावर मागून आवाज, "मंग जोर कशी लावंल ती?" सगळ्या हसल्या. मीही मारली आहे मांडीवर चापट. मुलाचं डोकं आलेलं असतं आणि बाई पाय जोडून घेते, तेव्हा सौजन्य सुचत नाही. पण उठसूट मारणाऱ्याही आहेत इथं, आणि त्याच सगळ्यात मोठ्यानं हसत होत्या. त्यांची नावं घेऊन सांगितलं. हसणं बंद.

सत्यशीला पहिल्या ओळीत. नवी सिस्टर, वडील शिक्षक, हात उंचावल्याशिवाय बोलत नाही.

"बाई, पेशंटनं विचारलं तर सांगायचं का?"

"काय विचारलं तर?"

"काहीही. अजून किती वेळ. दुखेल का. बाळ बरं आहे का."

म्हटलं, पोरी, आधी हात धू. तुझ्या हातानं जंतू गेले आणि तोंडानं साखर गेली, तर बाई जंतूंनीच मरते. काम नीट करणं हीच माया. बाकी सगळं नाटक.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ती बसली, पण उत्तर मिळाल्यासारखी नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. द्वारकाबाईनं तिळगूळ दिला. "गोड बोला बाई. एका दिवसाचंच हाय."

१७ जानेवारी

दुपारी ऊसतोडीची बाई आली. दुर्गाबाई. नवरा मच्छिंद्र बरोबर. उसाच्या फडातूनच ट्रॅक्टरवर घालून आणलेली, पदराला पाचट चिकटलेलं. आधीच्या दोन मुली गावी सासूजवळ. दिवस पुरे भरलेले नव्हते. आली ती थेट टेबलावरच. ओरडली नाही. या बाया ओरडत नाहीत, दात खातात.

मूल चटकन आलं. एकदाच रडलं, मांजराच्या पिलासारखं, आणि निळं पडायला लागलं. मुलगी. एवढीशी! सत्यशीलानं नाळ कापली, तोंड साफ केलं, नळी लावली. मी दुर्गाबाईपाशी. वार येत नव्हती आणि रक्त जास्त.

ती मान वळवून वळवून विचारत होती. "काय झालं? ओ नर्सबाई, काय झालं? बोला की कोनी."

द्वारकाबाई तोंड मिटून उभी. सत्यशीला वळली, बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघितलं. मिटलं तिनं.

"गप्प पड," मी दुर्गाबाईला म्हटलं. "अजून संपलं नाही."

ती गप्प पडली. एकदम. वर छताकडं बघत.

मुलीसाठी इथं काचेची पेटी नाही. जालन्याला हलवायचं ठरलं. ड्रायव्हर धर्मराजनं जीप काढली. मी सांगितलं तसं सत्यशीलानं पोरीला कापसात गुंडाळून स्वतःच्या पोलक्यात घातलं, छातीला लावून, वरून शाल. दारात मच्छिंद्र उभा होता. "काय हाय?" तिनं सांगितलं, "मुलगी आहे. चला सोबत, जल्दी." तो म्हणाला, "ट्रक भरायचाय. मुकादम बोंबलंल." आणि गेला!

वार आली शेवटी. रक्त थांबलं. पोट चोळून चोळून माझे हात भरून आले. पण बाई वाचली. मागून आणखी दोघी आल्या, त्यांचं उरकलं.

घरी येऊन जेवायला बसल्यावर आठवलं की दुर्गाबाईला सांगायचंच राहिलं. इंजेक्शननं झोपली होती. सकाळी सांगते.

१८ जानेवारी

खाट रिकामी. चादर घडी घालून पायथ्याशी ठेवलेली. झाडूवालीनं फाटक उघडलं तशी निघून गेली म्हणे.

डॉक्टरांनी कागदावर 'फरार' लिहिलं. फरार! चोर आहे का ती?

मग जालन्याहून सत्यशीलाचा फोन. खूश होती. "बाई, तग धरला पोरीनं! रंग आला. आईला पाठवा, दूध पाहिजे म्हणतायत."

फोन ठेवला आणि पुन्हा त्या रिकाम्या खाटेपाशी गेले.

दुर्गाबाई काय समजली असेल ते सांगायला कुणी नको. मूल समोर नाही, आवाज नाही, आम्ही सगळ्या मुक्या. मूल गेलं असंच समजली. त्या बायांना रडायलाही सवड नसते. उठली आणि फडात गेली.

धर्मराजला लगेच पाठवलं. टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, सगळ्या रिकाम्या. नुसते चुलीचे दगड मांडलेले. टोळी दुसऱ्या शिवारात हलवली, कुठं ते कुणाला धड सांगता येईना. कागदावर पत्ता म्हणून नवऱ्यानं नुसतं 'कारखाना' सांगितलेलं.

१९ जानेवारी

नवऱ्याला तर माहीत होतं, मुलगी जिवंत आहे. त्यानं बायकोला सांगितलं नसणार. तिसरी मुलगी! 'मेली' म्हणाला असेल. आमच्या गप्प बसण्यानं त्याचं खोटं फुकटात खपलं.

२१ जानेवारी

सत्यशीला दुसऱ्या सिस्टरला पोरीपाशी बसवून जालन्याहून परत आली. डोळे तारवटलेले. थेट माझ्याकडं. उभ्याउभ्याच बोलली.

"बाई, मी सांगणार होते तिला. तुम्ही डोळे वटारले."

"बाई रक्तात होती."

"ती विचारत होती."

"बाई रक्तात होती, सत्यशीला."

"हो. पण नंतर? रक्त थांबल्यावर?"

मी म्हटलं, तुझी साडी बदल, ड्यूटीवर ये. गेली.

२५ जानेवारी

मुलीला जालन्याहून आणलं. तिथं खाट अडते म्हणाले. आमच्याकडं दिव्याखाली ठेवलीय. पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीला दूध जास्त, ती आपण होऊन पाजते. तिच्या सासूनं कुरकुर केली. "कुनाचं कोन!" द्वारकाबाईनं तिला असं काही सुनावलं की मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नाव ठेवायचं नाही असं सगळ्यांना बजावलंय. नाव आई ठेवेल. तर द्वारकाबाई तिला 'पाहुणी' म्हणते. "पाहुनीनं दूध पेलं. पाहुनीनं शू केली, मोठ्या बाई, तुमच्या पांढऱ्या साडीवर, बघा!"

आता सगळ्याच पाहुणी म्हणतात. मीही म्हटलं आज एकदा.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून धर्मराजला घेऊन निघाले. रविवार, सुटी. ड्यूटी माझी नव्हती, जीपही खरं तर न्यायची नव्हती. नेली.

जांब समर्थच्या रस्त्याला एक फड लागला. तोड चालू. मच्छिंद्रचं नाव सांगितलं, तर मोळी बांधणारा गडी दुसरीकडं बघायला लागला. बायांच्या ओळीकडं गेले. कोयते सपासप चालू. विचारलं, दुर्गाबाई कोणाला माहीत आहे? दोनदा विचारलं. शेवटी मी बांधावर उभी राहून ओरडले, "अगं, तिचं लेकरू जिवंत आहे! मेलं नाही! तिला सांगा कुणीतरी!"

एकीचाही कोयता थांबला नाही.

एक म्हातारी मोळीवर बसून तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "नर्सबाई, ऊन लई हाय. जावा घरी. कशाला उकरून राह्यल्या?"

काय काळजाची माणसं ही! जिवंत लेकराचं सांगते आहे, मेलेल्याचं नाही. जीपमध्ये बसल्यावर धर्मराज म्हणाला, "त्यांना बराबर ठावं हाय बाई, ती कुठं हाय ते. सांगायचं न्हाई त्यांना." मला वाटतं मुकादमाला भितात.

२ फेब्रुवारी

आज दोन ठिकाणी जाऊन आले. नाही.

पाहुणी बोट धरते. सगळीच मुलं धरतात. त्यात काही नाही.

५ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. दवाखाना म्हणजे पाळणाघर नाही म्हणाले. त्यांचंही खरं आहे. आई सापडली नाही तर मुलगी औरंगाबादच्या शिशुगृहात द्यायची. अठरा तारखेला माणसं न्यायला येणार.

मी म्हटलं, आई आहे हिला. जिवंत आहे. फक्त तिला माहीत नाही.

म्हणाले, "मग शोधा, सिस्टर. मी कुठं नाही म्हणतोय."

शोधते.

८ फेब्रुवारी

दुसरा तास. पंधरवडा कधीच संपला, पण मीच बोलावलं सगळ्यांना. परिपत्रक बाजूला ठेवलं. सांगितलं, तो नियम रद्द. आजपासून बाईनं विचारलं की सांगायचं. वार पडो न पडो. मूल काय आहे, कसं आहे, कुठं नेलंय.

चुळबुळ. सत्यशीला माझ्याकडं टक लावून बघत होती.

द्वारकाबाई म्हणाली, "आन पोरगी असली तर?"

"तर मुलगी झाली म्हणायचं."

"म्हनते की. पन तोंड कसं करू, बाई?"

मी रागावणार होते. मग लक्षात आलं की चेष्टा करत नाहीये. खरंच विचारते आहे. तीन मुलींची आई ती स्वतः.

म्हटलं, म्हणून बघू या. एकेकीला उभं केलं. म्हण, 'मुलगी झाली.' पहिलीनं म्हटलं, मान खाली. दुसरीनं म्हटलं, जसं काही मयताला आली आहे. तिसरी 'मुलगी झाली' म्हणून लगेच 'असू दे' म्हणाली. असू दे! कुणी विचारलं होतं? एक तर हसतच सुटली, म्हणे जमतच नाही. सत्यशीलानं म्हटलं ते बरं होतं, पण शाळेत कविता म्हटल्यासारखं.

"तुम्ही म्हणा, मोठ्या बाई," द्वारकाबाई.

मी म्हटलं. इतकी वर्षं हे काम करतेय. माझंही तसंच निघालं. जसं खाट रिकामी नाही म्हणून सांगते, अगदी तस्सं.

पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी एकीकडून जरा माणसासारखं निघालं तेव्हा दिव्याखालून पाहुणी रडायला लागली आणि सगळ्या तिकडं धावल्या.

१२ फेब्रुवारी

एका बाईनं टेबलावरून विचारलं. मी सांगितलं, "मुलगी आहे. चांगली आहे. ही बघ." दाखवली. वार नंतर आली. रक्त नेहमीइतकंच.

एवढंच होतं तर.

१५ फेब्रुवारी

धर्मराजनं पत्ता काढला! पंक्चरच्या दुकानात ट्रकवाल्यांशी बोलत बसला होता, त्यातून कळलं. टोळी परत याच बाजूला आलीय, ओढ्यापलीकडच्या फडात. मच्छिंद्र दिवसा ट्रकबरोबर कारखान्यावर असतो. ती एकटी भेटेल.

उद्या जायचं. पाहुणीला घेऊन. सत्यशीलाही येते म्हणाली. द्वारकाबाईनं कुठूनतरी झबलं पैदा केलं आणि टोपडं. काजळ घालू नको म्हटलं तर गालाला तीट लावली. "आईकडं चाललीय. उघडी कशी नेता?"

दुर्गाबाईला पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते मनात म्हणून बघते आहे. तोंड कसं करायचं, तेही.

१६ फेब्रुवारी

भेटली.

पाचटावर बसून भाकरी खात होती. आम्हांला बघून उठली. हात धुतले, पदराला पुसले. मी जे ठरवलं होतं तेच म्हटलं, "दुर्गाबाई, तुझी मुलगी गेली नाही. जिवंत आहे. ही बघ."

वाटलं होतं रडेल, किंचाळेल, झडप घालून घेईल. तिनं बघितलं. बराच वेळ. मग टोपड्याची गाठ हनुवटीखाली रुतत होती ती सोडून सैल बांधली. पाय चाचपले. "अंग भरलं," एवढंच म्हणाली.

सत्यशीलानं मुलगी पुढं केली. तिनं हात पुढं केले. आणि मागं घेतले.

घेतली नाही.

मग थोडं बोलली. मला म्हणून बोलली, माझ्याकडं बघून. सत्यशीला जीपकडं निघून गेली. येताना पाहुणी माझ्या मांडीवर झोपली होती.

काय बोलली ते आज लिहिणार नाही.

१७ फेब्रुवारी

लिहिते.

"जित्ती हाय ते ठावं हाय मला. रडलेली आयकली व्हती मी. आन पोरगी हाय ते तुमी समद्या गप झाल्या तवाच कळलं. पोरगा असता तं त्या आयामावशी वरडल्या असत्या. तुमच्या दवाखान्यात कोनी बोलंना की पोरगी समजायची, टोळीतल्या समद्या बायांना ठावं हाय. मंग इचारत कामून व्हते म्हन्ता? पोरगी हाय, पन चांगली हाय, आसं एखादी तरी म्हनंल म्हून इचारत व्हते. तसं म्हनलं असतं तं नेली असती, कायबी करून नेली असती. पन तुमी शिकलेल्या बाया, तुमीच आशा गप झाल्या, जसं काय घरात मयत झालं. मंग मीबी म्हनलं, मेलीच समजावं."